पट्टी रोज थोडी सरकते, त्यावर उपाय

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर नेमकं कशाचं आहे ते स्पष्ट राहील. इंदूरच्या दवा बाजारात तुमच्या काकांचं होलसेल दुकान आहे. त्यांच्यासाठी तुम्ही पायथन आणि पायसाइड वापरून बिलिंगचा डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिला. एका विंडोत तीन पॅनल आहेत: डावीकडे औषधांची यादी, मधे चालू बिल, उजवीकडे निवडलेल्या औषधाच्या खोक्याचा फोटो, बॅच नंबर, एक्सपायरी आणि पुरवठादार. पॅनलांमधल्या दोन पट्ट्या माउसने सरकवता येतात.

तक्रारी चार आहेत. रोज प्रोग्रॅम उघडला की डावं पॅनल कालच्यापेक्षा थोडं अरुंद असतं. एक दिवस ते पूर्णच गायब झालं आणि काकांचा फोन आला. उजवं पॅनल दुकानातल्या मशीनवर एका मर्यादेपलीकडे लहान होत नाही, तुमच्याकडे मात्र होतं. आणि पट्टी ओढताना उजवीकडचा फोटो मधेच थरथरू लागतो. हे क्यूटीचे, म्हणजे पायसाइड ज्या लायब्ररीवर चालतं तिचे, बग आहेत का, आणि त्यापेक्षा टीकेइंटर किंवा विनफॉर्म्स या विंडो बनवण्याच्या दुसऱ्या साधनांकडे वळावं का, असं तुम्ही विचारलंय.

वळू नका. चारातली एकही गोष्ट क्यूटीचा बग नाही. आणि दुसरीकडे गेलात तर हेच त्रास वेगळ्या नावांनी पुन्हा भेटतील.

मी हे काम सुरू केलं ते व्हिज्युअल बेसिक ६ वर. १९९८ साली ते आलं आणि इंदूरच्या अनेक दुकानांतले प्रोग्रॅम पुढे कितीतरी वर्षं त्यातच लिहिले जात होते. त्यात सरकणारी पट्टी तयार मिळत नसे. एक अरुंद पिक्चर बॉक्स उभा ठेवायचा, माउस हलला की त्याला हलवायचं, आणि फॉर्मचा आकार बदलला की दोन्ही बाजूंची रुंदी आपणच मोजून द्यायची. मी ते केलं आणि एका स्टॉकिस्टच्या दुकानात बसवून आलो. संध्याकाळी शेटजींनी विंडो मिनिमाइझ केली आणि प्रोग्रॅम ‘रन-टाइम एरर ३८०’ दाखवून बंद पडला. भरलेलं बिल गेलं. कारण सरळ होतं: मिनिमाइझ झाल्यावर फॉर्मची रुंदी जवळजवळ शून्य होते, त्यातून डावं पॅनल वजा केलं की उत्तर ऋण येतं, आणि ऋण रुंदी कुठलाच कंट्रोल स्वीकारत नाही. मिनिमाइझ असेल तर हिशेब करायचाच नाही अशी एक ओळ घातली आणि एरर थांबली.

पण पट्टी सरकत राहिली, आणि ते कोडं सुटायला मला जास्त वेळ लागला. आकार बदलला की मी जुन्या जागेवरून नवी जागा काढत होतो. समजा विंडो १००० पिक्सेल रुंद आहे आणि पट्टी ३३३ वर. विंडो २०० केली की पट्टी ६६.६ वर यायला हवी, पण पिक्सेल पूर्णांकात असतात म्हणून ६६ झाली. विंडो परत १००० केली की ६६ गुणिले ५, म्हणजे ३३०. कोणी पट्टीला हात लावला नाही आणि ३ पिक्सेल गेले. विंडो एकदा शून्याजवळ गेली की पट्टी शून्यावर जाते, आणि शून्याला कितीनेही गुणलं तरी शून्यच.

तेव्हा जे समजलं त्यावर माझं बाकीचं सगळं उत्तर उभं आहे. पट्टीच्या दोन वेगळ्या जागा असतात. एक, माणसाला ती जिथे हवी आहे ती. दुसरी, आत्ताच्या विंडोत ती जिथे बसू शकते ती. पहिलीला मी कोडमध्ये ‘इच्छा’ म्हणतो, दुसरीला ‘हिशेब’. इच्छा फक्त माणसाच्या हाताने बदलावी. हिशेब दर वेळी इच्छेवरून नव्याने काढावा, आणि हिशेबाचं उत्तर इच्छेत कधीही परत लिहू नये. पट्टी आपोआप सरकण्याची जी प्रकरणं माझ्यापुढे आली, त्यांत जवळपास प्रत्येक ठिकाणी हा एक नियम कुठेतरी मोडलेला होता.

इंदूरच्या आमच्या रामबागेत जुन्या वाड्यांत दोन भावांच्या खोल्यांमध्ये सामाईक भिंत असे. ती कोणा एकाची नाही. एकाने रेटली की दुसऱ्याची खोली लहान होते, म्हणून ती हलवायची तर दोघांची किमान गरज आधी ठरलेली असावी लागते. स्प्लिटर, म्हणजे पॅनलांमध्ये जागा वाटणारा क्यूटीचा भाग (क्यूस्प्लिटर), त्याची पट्टी तशीच आहे. तिची जागा डाव्या पॅनलच्या मालकीची नाही, उजव्याच्याही नाही. दोघांच्या किमान रुंद्या, एकूण जागा आणि इच्छा या सगळ्यांतून ती ठरते. तुम्ही ती डाव्या पॅनलचा गुणधर्म समजून साठवली आहे, तिथून पहिली तक्रार सुरू होते.

तुम्ही पाठवलेल्या कोडमध्ये बंद होताना डाव्या पॅनलची रुंदी भागिले विंडोची रुंदी असा टक्का काढून तो पूर्णांकात साठवलाय, आणि उघडताना त्या टक्क्याने पुन्हा गुणलंय. काकांच्या १३६६ रुंदीच्या स्क्रीनवर हे करून पाहा. पॅनल ३०० आहे. ३०० भागिले १३६६ म्हणजे २१.९६ टक्के, साठवले २१. सकाळी १३६६ चे २१ टक्के म्हणजे २८६. संध्याकाळी २८६ चे झाले २०.९४, साठवले २०. दुसऱ्या दिवशी २७३. मग १९.९८, साठवले १९, आणि पॅनल २५९. सात दिवसांत टक्का १५ वर आणि पॅनल २०४ वर येतं. प्रत्येक वेळी दशांशाचा तुकडा पडतो तो नेहमी एकाच बाजूला, म्हणून पॅनल कधी रुंद होत नाही, अरुंदच होत जातं. रोज एकाच दिशेने सरकणारी पट्टी दिसली की आधी पूर्णांकात कापलेला भागाकार शोधावा.

दशांशात साठवलंत तर हे थांबेल, पण मी टक्केच काढून टाकायला सांगेन. औषधांच्या यादीला किती रुंदी हवी हे नावांच्या लांबीवर ठरतं, स्क्रीन किती मोठा आहे यावर नाही. मोठा मॉनिटर आणला म्हणून यादी रुंद व्हायचं कारण नाही, ती जागा बिलाला मिळावी. म्हणून बाजूच्या दोन्ही पॅनलची इच्छा पिक्सेलमध्ये साठवा आणि मधल्याला उरलेलं द्या. क्यूटीत याला स्ट्रेच फॅक्टर म्हणतात: मधल्याचा १, बाजूच्यांचा ०. मग विंडो कितीही वाढो, वाढ मधेच जाते.

पॅनलांच्या रुंद्या लावणाऱ्या सेटसाइझेसला तीन आकडे देताना एक काळजी घ्या. त्यांची बेरीज स्प्लिटरच्या रुंदीइतकी नसेल तर क्यूटी तक्रार करत नाही, फरक त्या आकड्यांच्या प्रमाणात वाटून टाकतं. तुम्ही ३०० मागता आणि २९६ मिळतात ते इथे. मधला आकडा स्प्लिटरच्या रुंदीतून दोन्ही बाजू आणि दोन्ही हँडलांची (म्हणजे पट्ट्यांची) जाडी वजा करून काढा, मग मागाल तेच मिळेल.

हे कधी करायचं, हा प्रश्न अर्ध्या जगाला छळतो. कन्स्ट्रक्टरमध्ये, म्हणजे विंडो तयार होतानाच्या कोडमध्ये, सेटसाइझेस बोलावलं तर तेव्हा विंडोला तिची खरी रुंदी मिळालेलीच नसते. तुमचे आकडे एका तात्पुरत्या रुंदीवर बसतात, मग खरी रुंदी आली की पुन्हा वाटप होतं. लोक शून्य मिलिसेकंदाचा टायमर लावतात. विंडोजवर तो बहुधा पुरतो. लिनक्सवर मॅक्सिमाइझ केलेल्या विंडोचा आकार विंडो मॅनेजरकडून उशिरा येतो, तिथे पुरेलच असं नाही. माझी पद्धत: क्यूस्प्लिटरवरून स्वतःचा क्लास काढा, त्याच्या रिसाइझइव्हेंटमध्ये (आकार बदलला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये) आधी मूळ काम होऊ द्या, मग इच्छेवरून हिशेब काढून सेटसाइझेस बोलवा. यात स्प्लिटरचा स्वतःचा आकार बदलत नाही, त्यामुळे गोल गोल फिरण्याची भीती नाही. आणि पहिल्या वेळेसाठी वेगळं काही करावं लागत नाही, कारण प्रत्येक वेळ पहिलीसारखीच असते.

इच्छा कुठे लिहायची? स्प्लिटरमूव्हड या सिग्नलमध्ये. तो पट्टी ओढल्यावर येतो, सेटसाइझेसने येत नाही, म्हणजे आपल्याला हवा तोच फरक क्यूटी आयता करून देतं. ओढताना तो सतत येतो, म्हणून शेवटच्या हालचालीनंतर अर्ध्या सेकंदाने क्यूसेटिंग्जमध्ये, म्हणजे क्यूटीच्या सेटिंग साठवायच्या जागेत, लिहा. प्रोग्रॅम बंद होण्याची वाट पाहू नका. लाइट गेली आणि यूपीएसची बॅटरी उतरलेली असली की क्लोजइव्हेंट (विंडो बंद होतानाची सूचना) येतच नाही, हे दुकानात बसून काम केलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

आता गायब झालेलं पॅनल. क्यूस्प्लिटरमध्ये पट्टी पॅनलच्या किमान रुंदीच्याही पलीकडे ओढली की पॅनल मिटतं, रुंदी शून्य होते. हा त्याचा मूळ स्वभाव आहे, चिल्ड्रनकोलॅप्सिबल हा गुण आपण बंद करेपर्यंत चालूच असतो. कोड एडिटरमध्ये तो सोयीचा आहे. काउंटरवर, जिथे एका हातात खोकं आणि दुसऱ्यात माउस आहे, तिथे नाही. मिटलेल्या पॅनलची पट्टी विंडोच्या अगदी कडेला चिकटते आणि काही पिक्सेलची ती रेघ शोधून परत ओढणं ज्याला तिथे काही होतं हेच आठवत नाही त्याला जमत नाही. मलाही असेच फोन आलेत: ‘भैया, दवाई वाली लिस्ट ही चली गई.’ त्या माणसाच्या दृष्टीने त्याचा माल गेलेला असतो, आणि त्याची घाबरगुंडी अगदी खरी असते.

उपाय म्हणजे तो गुण बंद करायचा, पण इथे एक खड्डा आहे ज्यात मी दोन दिवस अडकलो होतो. तुम्ही सेव्हस्टेट आणि रिस्टोअरस्टेट, म्हणजे स्प्लिटरची स्थिती साठवणारी आणि परत लावणारी फंक्शनं, वापरायचा विचार करत असाल तर लक्षात ठेवा, त्या साठवलेल्या डब्यात नुसत्या रुंद्या नसतात. चिल्ड्रनकोलॅप्सिबल चालू होतं की बंद, हँडलची जाडी किती, दिशा कोणती, हेही असतं. म्हणजे नव्या आवृत्तीत तुम्ही मिटणं बंद केलंत, पण त्यानंतर जुनी स्थिती रिस्टोअर केली, तर जुनं ‘चालू’ परत येतं. तुमच्या मशीनवर जुनी स्थिती साठवलेली नसेल तर सगळं ठीक दिसतं, काकांच्या मशीनवर बदल पोहोचलाच नाही असं वाटतं. म्हणून आधी रिस्टोअर, मग आपले नियम. आणि त्यानंतरही रुंद्या तपासा, कारण आधीच शून्यावर मिटलेलं पॅनल नियम बदलला म्हणून आपोआप उघडत नाही. एखादी रुंदी शून्य दिसली तर मूळ मांडणी लावा.

रुंद्या हाताने साठवत असाल तरी अशीच एक गोष्ट आहे: लपवलेल्या पॅनलची रुंदी साइझेसमध्ये शून्य येते. पॅनल लपलेलं असताना साठवलंत तर उद्या ते उघडल्यावरही शून्य रुंदीचं असेल. इच्छा वेगळी ठेवली की हा प्रश्न उरत नाही.

हँडलची जाडी ६ ते ८ पिक्सेल करा. आणि मेनूत ‘मूळ मांडणी’ हा पर्याय ठेवा, त्याला एक फंक्शन की द्या. मी आता पॅनल असलेला कुठलाही प्रोग्रॅम याशिवाय देत नाही. तुमचा कोड कितीही बरोबर असो, साठवलेली फाइल कधीतरी बिघडते, कोणी दुसरा मॉनिटर काढून नेतो. फोनवर ‘एफ ९ दाबा’ असं सांगता येणं हे दुकानदारासाठी लाखमोलाचं आहे.

तिसरी तक्रार, उजवं पॅनल लहान न होण्याची. इथे तुम्ही म्हणालात की तुमच्याकडे होतं आणि तिकडे नाही. तो फरकच उत्तर सांगतो: तुमच्याकडे पुरवठादाराचं नाव ‘एबीसी’ आहे आणि काकांकडे खरं नाव, त्यापुढे पत्ता, जीएसटी नंबर, सगळं एका ओळीत. ओळ न मोडणाऱ्या क्यूलेबलची (मजकूर दाखवणाऱ्या भागाची) किमान रुंदी म्हणजे त्याच्या मजकुराची पूर्ण रुंदी. ते लेबल लेआउटला सांगतं, लेआउट पॅनलला, पॅनल स्प्लिटरला. एक लांब पत्ता सगळ्या विंडोला हटवादी करतो.

लोक पहिली गोष्ट करतात ती सेटमिनिममविड्थला शून्य देण्याची, आणि काहीच होत नाही. क्यूटीच्या लेखी शून्य म्हणजे ‘मी काही ठरवलेलं नाही’, मग ते पुन्हा मजकुराकडे वळतं. १ द्या, लगेच ऐकेल. किंवा त्या लेबलची आडवी साइझ पॉलिसी इग्नोअर्ड करा. मी दुसरा मार्ग घेतो, कारण कोड वाचणाऱ्याला हेतू कळतो.

कोणतं लेबल अडवतंय हे कळत नसेल तर अंदाज करत बसू नका. प्रत्येक विजेटला (विंडोतल्या प्रत्येक भागाला) झगझगीत वेगळा पार्श्वरंग द्या, आणि पॅनलच्या सगळ्या मुलांतून फिरून प्रत्येकाचं नाव आणि मिनिममसाइझहिंट (ते स्वतः मागतं तो किमान आकार) छापा. सर्वांत मोठा आकडा असलेलं विजेट हेच बहुतेक वेळा अपराधी असतं. पाच मिनिटांचं काम आहे आणि स्टायलशीटशी तासभर झटापट करण्यापेक्षा कितीतरी बरं.

दुसरं कारण स्केलिंगचं. १३६६ बाय ७६८ चा स्क्रीन विंडोजमध्ये १२५ टक्क्यांवर ठेवला की प्रोग्रॅमच्या हिशेबी तो साधारण १०९३ बाय ६१४ चा उरतो. पन्नाशीच्या पुढची दुकानातली माणसं अक्षर मोठं दिसावं म्हणून हे हमखास करतात आणि त्यांना तो हक्क आहे. समजा तीन पॅनलांना ३२०, ६४० आणि ३०० अशा किमान रुंद्या दिल्या, बेरीज १२६०. तुमच्या १०० टक्क्यांवर बसते, त्यांच्या १२५ वर बसूच शकत नाही. २६०, ५२० आणि २४० करा, ६ पिक्सेलची दोन हँडलं धरून १०३२ होतात. १५० टक्क्यांवर जेमतेम ९१० उरतात, तिथे तीन पॅनल शेजारी शेजारी ठेवण्याचा अट्टहास सोडून उजवं पॅनल बिलाखाली टॅबमध्ये न्या. कमी जागेत चांगला उपाय पट्टी नव्हे, एक पॅनल कमी करणं हा असतो.

आता ज्यासाठी मी एवढं लांब लिहायला बसलो ती गोष्ट. तुमच्या प्रश्नात ती तक्रार म्हणून आलेली नाही, पण पाठवलेल्या चित्रात दिसते. डावं पॅनल अरुंद झालं की औषधाच्या नावाचं शेपूट तीन टिंबांत जातं, आणि नावाच्या शेपटात असतो डोस. एमॉक्सिसिलिन २५० आणि एमॉक्सिसिलिन ५०० या दोन ओळी तुमच्या यादीत अगदी सारख्या दिसतायत. घाईत चुकीची ओळ निवडली तर चुकीचा माल बिलात जातो, तिथून रिटेलरकडे, तिथून कोणाच्या तरी घरी. पुढे तपासणारे आणखी हात आहेत हे खरं, पण आपल्या खिडकीने त्यांच्यावर भार टाकू नये.

क्यूटीच्या यादीत टेक्स्टइलाइडमोड, म्हणजे न मावणारा मजकूर कुठून कापायचा हा गुण, मुळात उजवीकडून कापतो. तो इलाइडमिडल करा, म्हणजे नाव मधून कापलं जाईल आणि सुरुवात व शेवट दोन्ही दिसतील. त्याहून चांगलं म्हणजे डोस वेगळ्या कॉलममध्ये काढा, त्याची रुंदी मजकुराप्रमाणे पक्की ठेवा आणि नावाच्या कॉलमला उरलेलं द्या. आणि डाव्या पॅनलची किमान रुंदी २६० हा नुसता आकडा न लिहिता डोसचा कॉलम अधिक नावाची साधारण पंधरा अक्षरं अशी फाँटवरून मोजून काढा. मग फाँट बदलला तरी डोस झाकला जाणार नाही. उजवीकडे एक्सपायरीच्या तारखेलाही हाच नियम. बाकी मजकूर कापला गेला तर चालेल, हे दोन नाही.

फाँटचा विषय निघालाच आहे तर, तुम्ही लेबलं हिंदीत दिली आहेत आणि ओळीची उंची २० पिक्सेलवर ठोकली आहे. देवनागरीला इंग्रजीपेक्षा वरखाली जास्त जागा लागते. वर वेलांटी आणि रफार, खाली उकार. विंडोजचा निर्मला यूआय फाँट थोडा मोठा ठेवला की त्या २० मध्ये मावणार नाही, ‘कुल’ चं ‘कल’ दिसेल. उंची फाँटची मापं देणाऱ्या क्यूफाँटमेट्रिक्सकडून घ्या, हाताने लिहू नका.

थरथरणाऱ्या फोटोचं गणित मोठं सुंदर आहे. फोटो पॅनलच्या रुंदीइतका होतो, उंची प्रमाणात. समजा पॅनल २४० रुंद, फोटो चौरस म्हणजे २४० उंच, खालचा मजकूर ३७०. एकूण ६१०, आणि उपलब्ध उंची ६००. मावत नाही म्हणून उभा स्क्रोलबार येतो, तो विंडोजवर साधारण १७ पिक्सेल खातो. पॅनल झालं २२३, फोटो २२३, एकूण ५९३. आता मावतंय, म्हणून स्क्रोलबार जातो. पॅनल पुन्हा २४०. आणि हे चालूच राहतं. दोन्ही अवस्था एकमेकींना खोट्या ठरवतात, म्हणून कितीही वेळा मोजलं तरी उत्तर ठरत नाही. पट्टी ओढताना तुम्ही नेमक्या त्या टप्प्यातून जाता तेवढ्यापुरती थरथर दिसते.

उपाय: त्या पॅनलचा उभा स्क्रोलबार कायम दाखवा. जागा आधीच खर्च झाली की वाद मिटतो. दिसायला नको असेल तर फोटोची रुंदी स्क्रोलबार धरूनच मोजा, तो असो वा नसो. टायमर लावून थरथर लपवू नका, ती दुसऱ्या आकाराला पुन्हा दिसेल.

ओढताना सगळंच जड वाटत असेल तर रिसाइझइव्हेंटमध्ये ओळींची उंची मजकुराप्रमाणे लावणारं रिसाइझरोजटूकंटेंट्स बोलावताय का पाहा. हजारो ओळींच्या यादीवर ते प्रत्येक पिक्सेलला चालवणं जुन्या मशीनला झेपत नाही. ओढणं थांबल्यावर एकदा करा. त्यानेही भागलं नाही तर ओपेकरिसाइझ बंद करा, मग ओढताना फक्त रेघ हलते आणि सोडल्यावर मांडणी बदलते.

आता टीकेइंटर आणि विनफॉर्म्स. टीकेइंटरमध्ये विंडो दिसण्याआधी रुंदी विचारली तर १ असं उत्तर येतं, त्यामुळे आधी लावलेली पट्टी भलतीकडे बसते. तिथला नवा स्प्लिटर, टीटीके पॅन्ड विंडो, दिसायला छान आहे, पण तिला पॅनलची किमान रुंदी देता येत नाही, जुन्या साध्या पॅन्ड विंडोला देता येते. आणि टेक्स्ट विजेट न सांगता ८० अक्षरं रुंद आणि २४ ओळी उंच जागा मागतं, ते शेजारच्या पॅनलला रेटतं. त्याला रुंदी १ सांगून पसरू देणं हा तिथला रामबाण उपाय.

विनफॉर्म्सचा स्प्लिटर, म्हणजे स्प्लिटकंटेनर, जन्माला येतो तेव्हा १५० पिक्सेल रुंद असतो. त्या क्षणी दुसऱ्या पॅनलची किमान रुंदी २०० मागितली तर तो अपवाद फेकतो, मग पुढच्याच ओळीत तुम्ही रुंदी १२०० देणार असाल तरीही. डिझायनरने लिहिलेल्या ओळींचा क्रम आपल्या हातात नसतो, म्हणून किमान रुंद्या आणि पट्टीची जागा फॉर्मच्या लोड इव्हेंटमध्ये द्याव्या. तिथला स्प्लिटरमूव्हड कोडमधून जागा बदलली तरीही येतो, तेव्हा इच्छा आणि हिशेब वेगळे ठेवायला स्वतःचा झेंडा लावावा लागतो. जावाच्या स्विंगमध्ये जेस्प्लिटपेन या तिथल्या स्प्लिटरला पट्टीच्या जागेचं प्रमाण म्हणून ०.३ दिलं आणि विंडो अजून पडद्यावर नसेल तर काहीच होत नाही, एररही नाही. म्हणजे गाव बदललं तरी रस्ता तोच.

एक काम मात्र कुठेही करा: हे सगळे उपाय एकाच क्लासमध्ये ठेवा, प्रत्येकाशेजारी कोणत्या आवृत्तीवर आणि कशासाठी ते लिहा. क्यूटी बदलल्यावर एकेक काढून पाहता येतं. मी हे न केल्यामुळे एका जुन्या प्रोग्रॅममध्ये आजही तीन ओळी आहेत ज्या कशासाठी आहेत हे मला सांगता येत नाही आणि काढण्याचा धीरही होत नाही.

सगळं एकदम करू नका. आधी डोसचा कॉलम वेगळा काढा आणि मिटणं बंद करा, दोन्ही मिळून एका संध्याकाळचं काम आहे, उद्या दुकान उघडायच्या आत काकांच्या मशीनवर चढवता येईल. टक्के काढून इच्छा साठवण्याचं काम रविवारी. त्यानंतर सोमवारी सकाळी डाव्या पॅनलची रुंदी लिहून ठेवा आणि शनिवारी पुन्हा मोजा. आकडा तोच आला नाही तर मला तो रिसाइझइव्हेंटचा भाग पाठवा, मी बसून पाहतो.